सांगण्याची मुदत

(जपानमधलं इचिकावा. दुपार. तिसऱ्या मजल्यावरची, सामान हलवून झालेली एक खोली. नव्या वॉलपेपरचा वास.)

गुणवंत : एवढं एक वाक्य काढून टाका. बाकी सगळं मान्य. आजाराने गेला, लिहा. हृदय बंद पडलं, लिहा. पण 'नऊ दिवसांनी आढळला' हे नको.

कादंबरी : काका, त्या वाक्यासाठीच तर हा कागद आहे.

गुणवंत : चमत्कारिक कागद. माझा मुलगा या खोलीत गेला, हे सांगायची गरज नाही. केव्हा सापडला, ते मात्र सांगायचं?

कादंबरी : हो. आजाराने माणूस घरात जाणं स्वाभाविक धरतात, ते पुढच्या भाडेकरूला सांगावं लागत नाही. पूर्वी याला नियमच नव्हता. कुणी लपवायचं, कुणी उगीच घाबरवायचं. आता सरकारने लिहून दिलंय. उशिरा कळलं आणि खोलीची खास सफाई करावी लागली, तर साधारण तीन वर्षं सांगायचं. घरं भाड्याने देणाऱ्या आमच्या एजन्सीत ते काम माझ्याकडे असतं.

गुणवंत : म्हणजे तुम्ही सौमित्रचं मरण सांगणारच नाही. त्याची कुणी चौकशी केली नाही, हे सांगणार.

कादंबरी : असं मी कधीच म्हणणार नाही.

गुणवंत : तुम्ही म्हणू नका, ऐकणाऱ्याला ते ऐकू येईल. इथे आसपास आपली माणसं राहतात. उद्या कुणी पुण्याचा आला, की तुम्ही त्याला मराठीत सांगाल, आणि तो घरी जाऊन बायकोला विचारेल, त्याला आईबाप नव्हते का गं?

कादंबरी : आपलं कुणी येईलच असं नाही, काका. मालकीणबाई पूर्वी परदेशी माणूस नकोच म्हणायच्या. सौमित्र पहिला. मी तीनदा त्यांच्याकडे जाऊन बसले, तेव्हा कुठे तयार झाल्या. आता परदेशी नको असं म्हणत नाहीत. एकटा नको, म्हणतात.

गुणवंत : शहाणी बाई आहे.

कादंबरी : फार रडल्या हो. सगळ्या बिल्डिंगला सांगायच्या, कचरा कसा वेगळा करावा ते सौमित्र-सानकडून शिका. बाटलीचं झाकण निराळं, वरचा कागद निराळा.

गुणवंत : सौमित्र? जेवल्यावर स्वतःचं ताट मोरीपर्यंत नेत नव्हता तो!

कादंबरी : इथे बाटल्या धुऊन वाळवायचा.

गुणवंत : वाळवायचासुद्धा... त्याच्या आईला पटलं नसतं. असो. हे पाहा, मुंबईत मी छत्तीस वर्षं लिफ्ट तपासल्या आहेत. तपासणीचे कागद कसे तयार होतात, हे मला शिकवू नका. तुमचा माणूस तेरा तारखेला आला होता ना, धुराचा अलार्म तपासायला? मग दार तेरालाच उघडलं, असं लिहा. डॉक्टर म्हणतात, बाराच्या रात्री गेला. म्हणजे दुसऱ्याच दिवशी सापडला. कुणाला काही सांगायला नको.

कादंबरी : तेरा तारखेचं तुम्हाला कुणी सांगितलं?

गुणवंत : त्याच्या टपालात चिठ्ठी होती. फोनने भाषांतर करून वाचून दाखवली. 'आपण घरी नव्हतात.'

कादंबरी : ती मी टाकली होती.

गुणवंत : तुम्ही?

कादंबरी : तपासनिसाबरोबर मीच आले होते. तीनदा बेल वाजवली. किल्ली माझ्या पर्समध्ये होती, काका. पण भाडेकरूने होकार दिल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आमच्यातल्या एकाने असंच दार उघडलं होतं, तक्रार झाली, तेव्हापासून प्रत्येक ट्रेनिंगमध्ये बजावतात. मी पुन्हा येण्याची एकवीस तारीख लिहून दिली आणि खाली कोंबिनीत, त्या चोवीस तासांच्या दुकानात, जाऊन कॉफी घेतली.

गुणवंत : आतून काही आवाज?

कादंबरी : बाहेर एसीचं यंत्र घुमत होतं. मी तपासनिसाला म्हटलं, बघा, ऑफिसला जाताना बंद करायला विसरला.

गुणवंत : मीही उघडलं नसतं. नियम बरोबर होता.

कादंबरी : असं नका बोलू. रागवा माझ्यावर.

गुणवंत : रागवायलाच आलो होतो. विमानात वाक्यं जुळवून ठेवली होती. एप्रिलमध्ये त्याला करार दोन वर्षांनी वाढवून दिलात, तो तुम्हीच ना?

कादंबरी : हो. इथेच बसून सही केली त्याने.

गुणवंत : मी म्हटलं होतं, आई गेली, आता परत ये. उत्तरादाखल त्याने त्या कराराचा फोटो पाठवला. मग मी बोलणं सोडलं... ते जाऊ दे. पुढच्या भाडेकरूला काय सांगाल, ते म्हणून दाखवा. शब्दन् शब्द.

कादंबरी : कशाला, काका?

गुणवंत : म्हणा.

कादंबरी : 'या खोलीत ऑगस्टमध्ये एका भाडेकरूचं आजाराने निधन झालं. नऊ दिवस कुणाला कळलं नाही. त्यानंतर खोलीची संपूर्ण सफाई केलेली आहे.'

गुणवंत : खोटं आहे.

कादंबरी : यातलं काय?

गुणवंत : कुणाला कळलं नाही, हे. त्याने कळवलं होतं. बारा तारखेला, आमच्याकडे संध्याकाळचे साडेपाच. फोन समोर टीपॉयवर वाजत होता. त्यावर त्याचा आईबरोबरचा फोटो. मी बघत बसलो. वाजायचा थांबला, पुन्हा वाजला. मी पालथा घातला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आज करेल, आज घेऊ. नाही आला. तिसऱ्या दिवशी वाटलं, चिडलाय. आणि मुली, मला बरं वाटलं. चिडला म्हणजे माझं बोलणं सोडणं त्याला लागलं, म्हणून बरं वाटलं. असं बरं वाटून घेत मी एकवीस तारखेपर्यंत जेवलो, फिरायला गेलो, पेपर वाचला.

कादंबरी : काका, खाली बसा. पाणी आणते.

गुणवंत : पाणी नको. तुझ्या वाक्यात हे घाल. त्याने हाक मारली होती, असं घाल.

कादंबरी : नाही घालता येत. घरच्यांविषयी काहीही बोलायचं नाही, तसं स्पष्ट लिहिलंय. ते तुमच्यासाठीच आहे. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून.

गुणवंत : मला. त्रास होऊ नये म्हणून.

कादंबरी : हो.

गुणवंत : आणि तीन वर्षं सरली की?

कादंबरी : मग कुणी आपणहून विचारलं तरच. एरवी काहीच सांगायचं नाही.

गुणवंत : राहू दे ते वाक्य. मघाशी म्हटलं ते विसर. जसंच्या तसं ठेव. मी गप्प राहिलो. तीन वर्षं तरी कुणीतरी त्याच्याविषयी बोलेल. आण तो कागद. कुठे लिहू?

कादंबरी : इथे नाव. त्याखाली सही.

गुणवंत : सौमित्रचं नाव?

कादंबरी : तुमचं, काका. त्याचं नाव कुठेच लिहायचं नसतं.