बादलीत बुडवलेलं सैन्य

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. काका, काकू, आत्या, समाजातली वडीलधारी मंडळी, रघूच्या ऑफिसातले लोक, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले त्याचे मित्र. तुम्ही मागे का उभे? पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. बन्नी, कूत्कोळ्ळी. या, बसा. आज पुढे बसायचा मान तुमचा आहे.

मी सरोज. रघूची थोरली बहीण. खरं सांगते, आज बोलायचंच नाही असं ठरवून आले होते. सकाळी दत्तूकाकांनी विचारलं तेव्हा नाही म्हटलं. पण गेला तासभर खाली बसून सगळ्यांची भाषणं ऐकली आणि आवाज आपोआप आला. तो रागाचा आवाज आहे. मोठ्यांनी क्षमा करायची तर करा, नाही तर राहू द्या. मराठी आपली म्हैसूरचीच आहे, मध्ये कन्नड येणार, त्याची सवय तुम्हाला आहेच.

रघू गेला त्याला महिना होत आला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत टेबलावर डोकं ठेवून बसला, तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. पंचेचाळिशीही पूर्ण झाली नव्हती.

आता भाषणांचं बघूया. एकजण म्हणाले, रघुनाथ शांत होता. खरं आहे. एकजण म्हणाले, विम्याच्या कचेरीत त्याचं काम चोख होतं. तेही खरं. एकजण म्हणाले, तो फार देवभोळा होता. हे मात्र साफ खोटं. देवळात तो शिऱ्यासाठी यायचा, आणि शिरा संपला असेल तर बाहेरूनच परत जायचा. आणि मग सगळ्यात शेवटी एकजण म्हणाले, त्याला लहानसा छंदही होता.

लहानसा छंद. एवढंच. तो कसला छंद, हे सांगायचं धाडस एकालाही झालं नाही. लाज वाटली का तुम्हाला?

मग मी सांगते. बाहेरगावची माणसंही बसलीत, त्यांनाही कळू दे. माझा भाऊ मिनिएचर रंगवायचा. अंगठ्याएवढे पुतळे. टेबलावर डोंगर, नदी, किल्ला मांडायचा, दोन बाजूंनी सैन्यं उभी करायची, फासे टाकायचे आणि लढाई खेळायची, असा एक खेळ आहे. त्यातले हे सैनिक. दाढीवाले बुटके, चेटकिणी, ड्रॅगन, आणि रघूचे सगळ्यात लाडके ऑर्क. ऑर्क म्हणजे हिरव्या कातडीचे, सुळेवाले, दांडगे राक्षस. दुकानातून हे सगळं करड्या प्लॅस्टिकचं येतं, डोळे नाहीत, रंग नाही, काही नाही. त्यात जीव घालायचा तो रंगवणाऱ्याने.

तो कसा घालायचा, हे तुमच्यापैकी कुणी बघितलंय? मी बघितलंय. पुतळा शिंप्याच्या रिकाम्या रिळावर मेणाने चिकटवायचा, म्हणजे रंगाला बोट लागत नाही. स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. पाण्यासारखा पातळ करून एकावर एक थर द्यायचा. घड्यांमध्ये गडद, उंचवट्यावर फिकट. एका ऑर्कच्या गालात पाच तऱ्हेचे हिरवे असायचे. आणि डोळ्याची वेळ आली की रघू मला म्हणायचा, "अक्का, आता बोलू नको." श्वास रोखून एक ठिपका द्यायचा. मग श्वास सोडून म्हणायचा, "हां, उठला बघ हा." खरंच तो उठलेला असायचा. मोहरीएवढ्या डोळ्यातून आपल्याकडे रागाने बघत असायचा. मी चहा घेऊन जायची आणि तो चहा तिथेच गार व्हायचा.

यांना घरात आपण काय म्हणत होतो? भुतं. रघूची भुतं. घोडा झाला तरी बाहुल्या खेळतो, असं म्हणत होतो. पिरियापट्टणचं स्थळ सांगून आलं होतं, तेव्हा दत्तूकाकांनी त्याच्या काचेच्या कपाटावर चादर टाकली होती. काका, मान खाली घालू नका, सगळ्यांना ठाऊक आहे. रघूने पाहुण्यांसमोर ती चादर काढली. म्हणाला, "नंतर कळण्यापेक्षा आत्ता कळू दे, अल्लवा, हो की नाही?" मुलीचे वडील "इदेनू, गोंबेगळा?" म्हणाले, हे काय, बाहुल्या? मुलगी मात्र कपाटाला नाक लावून उभी राहिली आणि तिने विचारलं, डोळे कशाने काढता? सगळ्या खोलीत तिला एकटीलाच हा प्रश्न पडला. ते लग्न झालं नाही, ते तुम्ही मोठ्या माणसांनी आत बसून मोडलंत. त्यावर आज बोलत नाही.

दसऱ्याचं मात्र बोलते. आपल्याकडे नवरात्रात पायऱ्यांवर गोंबे, बाहुल्या, मांडतात. वरच्या पायरीवर लाकडी राजाराणी, खाली वाणी, वाणीण, लग्नाची वरात, क्रिकेटची टीमसुद्धा. आमच्या घरी प्लॅस्टिकचा जिराफ होता, त्यालाही जागा होती. एका वर्षी रघूने अगदी खालच्या पायरीवर आपले ऑर्क मांडले. ढोल बडवत, झेंडे घेऊन निघालेली मिरवणूकच. गल्लीतली पोरं पालथी पडून बघत होती. संध्याकाळी कुंकवाला बायका यायच्या म्हणून आत्याने ते सगळे उचलून ब्रेडच्या पिशवीत भरले. म्हणाली, "चार घरच्या बायका येणार, शिंगं आणि सुळे काय दाखवायचे?" रघू ऑफिसातून आला, पिशवी बघितली, आणि माडीवर घेऊन गेला. पुन्हा पायरीवर मांडू का, असं नंतर त्याने कधी विचारलंही नाही. जिराफ राहिला.

आता स्मशानातलं. चिता पेटलेली होती. माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "असली भुतं घरात पाळली की असंच होणार." कोण म्हणालं ते मला माहीत आहे. नाव घेत नाही, तो माणूस समोर बसलाय आणि त्याला कळतंय. माझा भाऊ जळत होता आणि तुम्ही त्याच्या मरणाचा दोष अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकवर टाकत होतात. तेव्हा मी गप्प बसले, कारण तेव्हा अंगात ताकद नव्हती. आज आहे.

आणि मग दहावा. आम्ही विधीसाठी टी. नरसीपूरला संगमावर गेलो होतो. घरी आत्या आणि काकू सुतकाची साफसफाई करत होत्या. करायचीच असते, मला त्याचं काही नाही. अंथरुणं धुतली, भांडी घासली, फरशी पुसली. संध्याकाळी मी दारात आले तर आत्या पुढे आली. डोळे रडून सुजलेले, पण तोंडावर जरा समाधान. म्हणाली, "सरू, रघूचे गोंबे पण शुद्ध करून ठेवलेत ग. ह्या दसऱ्याला पायरीवर मांडूया. त्याची आठवण."

मागच्या अंगणात बादली होती. कढत पाणी, आणि त्यात अख्खी बाटली ओतलेलं जंतुनाशक, ते पाण्यात घातलं की दुधासारखं पांढरं होतं ना, ते. सकाळपासून सगळं कपाट त्यात बुडवलेलं. मग जुन्या टूथब्रशने एकेक पुतळा घासलेला. आत्याच्या वयात, उकिडवं बसून, दिवसभर. कढत पाण्याने भाले वाकले होते. ड्रॅगनचे पंख लोंबत होते. आणि रंग? रंगाचा राखाडी चिखल झाला होता, हाताला चिकटत होता. कुणाला डोळे नव्हते. सगळे परत दुकानातून आल्यासारखे करडे.

मी एक पुतळा उचलून उजेडात धरला. आत्या म्हणाली, "रंगच कच्चा होता ग. जरा घासला तर सुटला."

नाही आत्या. रंग कच्चा नव्हता. वर्षानुवर्षं ते पुतळे दर रविवारी रघूच्या आणि ह्या मित्रांच्या हातांत खेळलेत, टेबलावरून पडलेत, डब्यात भरून बंगळूरला जाऊन आलेत, एक कपची उडाली नाही. ह्या रंगाला ते एक जंतुनाशकाचं पाणी चालत नाही, आणि तेच नेमकं घातलं गेलं. ही गोष्ट रघूच्या ह्या मित्रांपैकी कुणालाही विचारली असती तरी कळली असती. त्यातल्या ह्या कार्तिकचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे. मलाही विचारता आलं असतं, मी काय परदेशात होते? पण विचारायचं सुचलंच नाही. कसं सुचेल? रघू जिवंत होता तेव्हासुद्धा कुणी कधी विचारलं नाही, बाबा, हे कसं करतोस, कशाने करतोस. आपण रंगाऱ्याच्या जातीतली माणसं. चार पिढ्या रंगात हात घातलेली. बाप-आजे कापडाला कसा पक्का रंग देत होते ते ह्याच हॉलमध्ये दरवर्षी सांगतो, फेटे बांधून सांगतो. आणि घरात एक मुलगा पुन्हा रंगाचं काम करत होता तर त्याला हसलो. हा राग एकट्या आत्यावर नाही. तिने निदान हात तरी लावला.

पण एक गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नाही. जिवंत होता तेव्हा त्याचे पुतळे पायरीवर नको होते. तो मेल्यावर हवे झाले, ते सुद्धा धुऊन. आणि त्यांना लावलात तोच नियम आज भाषणांत त्यालाही लावलात. शांत होता, देवभोळा होता, चोख होता. घासून घासून पुसून टाकलात माझ्या भावाला.

मघाशी दत्तूकाकांनी जाहीर केलं की खराब झालेले पुतळे सोमवारी संगमात सोडायचे, भंगलेल्या मूर्ती सोडतात तसे. काका, सोडायचे नाहीत. तुम्ही वडिलांच्या जागी आहात, तरी सांगते, ते भरून ठेवलेल्या खोक्याला कुणी हात लावायचा नाही. कार्तिक म्हणाला, "अक्का, आम्ही पण जुना रंग काढून नव्याने रंगवतो. द्या, आम्ही करतो." मनापासून म्हणाला. मी त्यालाही नाही म्हटलं. पुतळा दुकानात पुन्हा मिळतो रे. डोळ्याला ठिपका देणारा हात कुठून आणू? ते करडेच राहतील, वाकलेल्या भाल्यांसकट, त्याच काचेच्या कपाटात, माझ्या घरी. येणारा-जाणारा विचारेल, हे असे का? मी प्रत्येकाला सांगेन. माझा राग आज इथे बोलून संपणार नाही, तो मला संपवायचाही नाही.

आता शेवटचं. कपाटात नव्हते म्हणून काही पुतळे वाचले. रंगवायच्या टेबलाच्या खणात होते, तिथे कुणाचा हात पोचला नाही. ते मी आणलेत. हे इथे, ह्या टेबलावर, पांढऱ्या रुमालावर ठेवलेत. तुम्हाला खालून दिसणार नाहीत, एवढे लहान आहेत. मधली आहे ती ऑर्कांची राणी. तिच्या झग्याच्या काठावर बारीक वेलबुट्टी आहे. तांदळाच्या दाण्यावर मावेल एवढी. मला वाटायचं, हे त्याच्या मनाने काढलंय. एकदा विचारलं, तेव्हा म्हणाला, "नाही ग, आजोबांचं आहे." आजोबांचे छापायचे ठसे तर कधीच बंबात जळून गेले. त्यांनी छापलेलं शेवटचं कापड आत्याच्या गोधडीला अस्तर म्हणून लावलंय, त्यावरून त्याने तो काठ उतरवून घेतला होता. बादलीतल्या प्रत्येक झेंड्यावर हाच काठ होता.

पद्धतीप्रमाणे मी आता दोन मिनिटं शांतता मागायला हवी. मागते. पण जागेवर उभं राहून, डोळे मिटून नको. डोळे उघडे ठेवून, एकेकाने वर या, बघा, आणि काही न बोलता खाली जा. रघू, हे लोक तुझं काम बघायला येतायत. उशीर झाला, पण येतायत.

पायऱ्या ह्या बाजूला आहेत. कार्तिक, आत्याला हात दे. आत्या, सगळ्यांच्या आधी तू ये. चष्मा लावून ये. तुझ्या वडिलांचा काठ इथे तू एकटीच ओळखणार आहेस.