समोरच्या पानावरील मजकुराबाबत

जबाब देणार: दारावरच्या पाटीवर आडनाव आहे, पण सर्व लोक मला अण्णा म्हणतात. वय ७४ वर्षे. धंदा: आता काही नाही, पूर्वी शाळेत कारकून. राहणार: बाजारामागील दुमजली इमारत, वरचा मजला, जिन्याच्या डावीकडची खोली.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, पत्नी वारल्यापासून मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. शेजारच्या दोन खोल्यांत पाच वर्षांपासून एक जोडपे राहते. पती लग्नाचे व्हिडिओ काढतो, त्याला सगळे डायरेक्टर म्हणतात. पत्नी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. तिला मी बाळ म्हणतो. सध्या ती दवाखान्यात असून डोक्याला मार आहे व ती अद्याप शुद्धीवर आलेली नाही. सिनेमाच्या सरावात तोल जाऊन ती पडली असे पतीचे म्हणणे असून, पुरावा म्हणून त्याने एक वही हजर केली आहे. त्या वहीतील अक्षर माझे आहे.

माझी खोली व त्यांची बाहेरची खोली यांच्यामध्ये लाकडी पडदी आहे. पडदीत एक दार असून त्याची कडी माझ्या बाजूला आहे. शाळेतही माझे ऑफिस आणि सातवीचा वर्ग यांच्यात अशीच पडदी होती. तिकडे कवितेचा तास सुरू झाला की मी पेन खाली ठेवत असे. मला आज ज्या कविता पाठ आहेत त्या सर्व पडदीपलीकडून ऐकलेल्या आहेत, पुस्तकातून एकही नाही. हा मजकूर कामाचा नाही असे जबाब लिहून घेणारे साहेब म्हणाले. मी तो राहू देण्याची विनंती केली.

त्यांच्या लग्नाला आठ वर्षे झाली, मूल नाही. औषधोपचार चालू होते. त्यांचा फ्रिज बिघडला तेव्हा तिची इंजेक्शने पंधरा दिवस माझ्या फ्रिजमध्ये, दुधाच्या भांड्याशेजारी होती. एकदा ती म्हणाली, "अण्णा, या घरात बाळ म्हणून हाक ऐकू येते ती तुमचीच. तेवढी बंद करू नका."

मागील वर्षी डायरेक्टरने याच विषयावर सिनेमा काढायचे ठरवले. मूल होत नसलेले नवरा-बायको, दोनच खोल्या, पात्रे ते दोघेच. ती प्रथम तयार नव्हती. नंतर म्हणाली, "लोक बोलतातच. निदान आपल्या तोंडानं तरी बोलू." माझे अक्षर चांगले म्हणून वही लिहिण्याचे काम मला दिले. उजव्या पानावर संवाद लिहायचे, डावे पान कोरे ठेवायचे. सरावात एखादे वाक्य बदलले की ते मी पडदीला कान देऊन ऐकायचे आणि डाव्या पानावर उतरवायचे, अशी पद्धत होती.

मला सिनेमात एक कामही दिले होते. शेजारच्या म्हाताऱ्याचा नुसता आवाज. शेवटच्या प्रसंगात बायको दार वाजवून "दार उघडा" म्हणते आणि म्हातारा आतून उत्तर देतो, "तुमचं तुम्ही मिटवा, बाई. मी म्हातारा माणूस." म्हातारा दार उघडत नाही. हे वाक्य मी अंघोळ करतानाही म्हणत असे. त्यावरून ती चिडवायची, "हीरोची तयारी नाही, पण अण्णा बघा! सिनेमा चालला तर तुमच्या आवाजावर."

काल मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास मी चहा घेत असताना पलीकडून मोठे आवाज आले. ती दुकानातून लवकर आली होती. सराव सुरू झाला असे समजून मी वही उघडली व शेवटच्या प्रसंगाचे पान काढले. परंतु चाललेले बोलणे पानावर नव्हते. ती म्हणत होती, "रिपोर्ट तुझा आहे. पिक्चरमध्ये माझा का केलास?" तो म्हणाला, "हळू बोल." ती म्हणाली, "आठ वर्षं सुया मी टोचून घेतल्या, तुझ्या आईचं मी ऐकून घेतलं. आता परक्या लोकांपुढेही दोष माझाच?" तो म्हणाला, "कोणाला कळणार आहे? गोष्ट आहे ती." ती म्हणाली, "मला कळतंय ना."

मला ही वाक्ये फार आवडली. पूर्वीच्या वाक्यांत असा जीव नव्हता. मी ती एकही शब्द न गाळता डाव्या पानावर उतरवली.

त्यानंतर "हात सोड" असे दोन वेळा ऐकू आले. तेही मी लिहिले. मग पडदीचे दार जोरात वाजले. ती म्हणाली, "अण्णा, दार उघडा." वहीत नुसते "दार उघडा" आहे. अण्णा हा शब्द वहीत नाही. त्या वेळी ते माझ्या ध्यानात आले नाही असे मी म्हणू शकत नाही. तिने तो आपल्या मनाने घातला असे मला वाटले. मी घसा साफ करून माझे वाक्य म्हटले.

दार पुन्हा वाजले नाही. लोखंडी वस्तू पडल्याचा आवाज झाला. तो दिव्याचा स्टँड होता हे मागाहून कळले. मी "कट" ऐकण्याची वाट पाहिली. कट म्हटल्यावर ती दरवेळी हसून "कसं झालं, अण्णा?" असे विचारते. माझा चहा निवला. सुमारे दहा मिनिटे गेली असावीत.

नंतर डायरेक्टर जिन्याकडच्या दाराने माझ्याकडे आला. त्याने वही मागितली. डावे पान वाचून तो म्हणाला, "हे कधी लिहिलंत?" मी म्हणालो, "आत्ताच. फार छान झालंय." त्याने ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग म्हणाला, "बरं केलंत, अण्णा." वही काखेत घालून तो दारापर्यंत गेला आणि तेथून म्हणाला, "ती पडलीय. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावतो." मी कडी काढली. ती दाराला लागूनच पडलेली असल्याने दार पूर्ण उघडले नाही.

तरी डाव्या पानावरील मजकूर सिनेमाचा नाही. तो त्याने मला सांगितलेला नाही व तिने पाठ केलेला नाही. शाई एक, अक्षर एक, त्यामुळे फरक पाहून कळणार नाही. तो मला माहीत आहे आणि तिला. ती अजून बोलत नाही म्हणून मी सांगत आहे. आज सकाळी डायरेक्टर मला म्हणाला, "अण्णा, तुम्ही लिहिलंय तसंच सांगा, म्हणजे झालं." मी लिहिले आहे तसेच सांगितले आहे. तिला कोणी ढकलले काय, हे मी पाहिलेले नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. त्यात एके ठिकाणी "वयोमानाने हाक ऐकू आली नाही" असे लिहिले गेले होते. साहेबांनी ते माझ्या भल्यासाठीच लिहिले असावे. मी ते खोडून घेतले. हाक ऐकू आली. तेवढ्या दुरुस्तीसह जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.