नाल्याचं औषध

— नाही हो मावशी, त्याच्याही आधी. रमाला पुन्हा ताप भरला तो नंतर. पहिल्यांदा खटकली ती औषधाची बाटली. हातात घेतली तर कोमट! आता तुम्हीच सांगा, मी ती अमरावतीहून अकोल्याला बर्फात गुंडाळून नेलेली, एसटीत मांडीवर धरून, बडनेऱ्याला पाणी प्यायलासुद्धा उतरले नाही — आणि दुसऱ्या सकाळी रमाच्या उशाशी बघते तर कोमट. विचारलं ना, विचारलं मी! दुर्गाबाई म्हणाल्या, "अकोल्याचं ऊन आहे पोरी, इथं माणूस तापून राहिला, तू बाटलीचं काय घेऊन बसली?" दुर्गाबाई म्हणजे सासू, रमाची. रमा माझी मोठी बहीण. पटण्यासारखंच होतं ना ते — मे महिना, अकोला — आणि मी ही अशी, कुणी जरा आवाज चढवला की लगेच माघार घेणारी —

अगबाई! कुणाचं? खामगाव. खामगाव म्हणाला. माझं अकोला आहे, तुमचं नागपूर. ट्रंककॉल लागला म्हणून ओरडतो की तारघराला आग लागली म्हणून? मी झुरळालासुद्धा घाबरते, मावशी. हसू नका. खरंच.

औषध कशावरचं? आता तुमच्यापासून काय लपवायचं, बाईमाणसाचंच दुखणं. बाळंतपणानंतर रमाला उन्हाळी लागली. लघवीला आग, कमरेत कळा, हुडहुडी भरून ताप. धण्याजिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, मग सल्फाच्या गोळ्या, मग पेनिसिलिन, मग ती दुसरी सुई, स्ट्रेप्टोमायसिनची — चार दिवस बरं वाटायचं की पुन्हा तेच. जंतू सरावले होते औषधाला. जशी काही आपली माणसं सरावतात ना, बोलणी खाऊन खाऊन — तसे. मी बी.एस्सी. झाल्यापासून इथल्या एका डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत काम करते, काचेच्या ताटल्या धुणं, जंतू वाढवणं, ते सगळं. डॉक्टर म्हातारे आहेत, पूर्वी कॉलऱ्याच्या साथीत त्यांनी हेच औषध विहिरींत ओतलेलं. ते म्हणाले, जंतूंनाही खाणारं कुणी असतं, त्यांच्याहूनही बारीक, सूक्ष्मदर्शकातसुद्धा दिसत नाही. फाज म्हणतात त्याला. आणि ते सापडतं कुठं? जिथं घाण तिथं. अंबानाल्याचं पाणी आणलं, चिनी मातीच्या गाळणीतून गाळून गाळून अगदी स्वच्छ केलं, आणि रमाच्या जंतूंवर एक थेंब सोडला. दुसऱ्या दिवशी जंतूंच्या त्या दुधाळ थरात भोकं पडली होती, मावशी. गोल, स्वच्छ, आरपार. मी ओरडलेच. डॉक्टर म्हणाले, "हळू, ताटली पडेल." असं औषध होतं ते — जिवंत. खायच्या सोड्याच्या पाण्यात टाकून प्यायचं, एवढंच. आणि दुर्गाबाईंनी ते उकळलं!

हो ना, उकळलं! सोवळ्याच्या चुलीवर, खळखळ. म्हणे नाल्याचं पाणी तसंच्या तसं सुनेच्या पोटात कसं जाऊ द्यायचं, घरात देव आहेत. अन् जिवंत औषध मेलं. रमा बिचारी मेलेलं पाणी पीत राहिली आणि रोज म्हणायची, आज जरा बरं वाटतंय गं. मी उरलेलं औषध इथं आणून ताटलीवर घातलं — एक भोक नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, "कुणी उकळलं हे?" मी परत अकोल्याला गेले, एकटी, अन् विचारलं. तर म्हणतात कशा, "उकळलं तं का झालं? शुद्धच केलं ना!" आणि भाऊजी कोर्टातून आल्यावर? चिंतामणराव वकील — त्यांचे चिरंजीव — त्यांच्यासमोर हात झटकले. "मी काहून उकळू? माझा काय संबंध? हिनंच गटार आणून पाजलं माझ्या सुनेला, म्हणून तं ताप चढला." वकिलाला साक्ष लागते, मावशी, आईची साक्ष त्याला पुरली.

मग रमाला माहेरी पाठवलं. बरी होईपर्यंत, म्हणाले. आणि बाळ ठेवून घेतलं. "गटार प्यायलेल्या बाईचं दूध माझ्या नातवाले नाही पाजायचं." हे शब्द, असेच्या असे. मुलगा ना तो — मुलगी असती तर गाठोड्यात बांधून पाठवली असती तिच्यासोबतच. आता रमा ठणठणीत आहे. डॉक्टरांनी पुन्हा औषध केलं, माझ्या देखत प्यायली, तपासणी स्वच्छ, ताप नाही, काही नाही. बाबा स्वतः जाऊन सांगून आले. तर दारातच उत्तर — मूल आता शेळीच्या दुधाले लागलं, राहू द्या. राहू द्या! अंगावरचं पोर, आठ महिन्यांचं, राहू द्या! रमा बाजारातून एवढंसं टोपडं घेऊन आली परवा, अन् मी बघितलं तर म्हणते, शेजारच्यांच्या पोरीसाठी घेतलं. शेजारी पोरगीच नाही.

चांदूर. चांदूर म्हणाला. दचकले नाही बघा मी.

हसू येईल तुम्हाला पुढचं. मागच्या आठवड्यात मोतीराम आला, भाऊजींचा कारकून. हातात बाटली, वर रुमाल बांधलेला. तपासायला आणली म्हणे, लघवी. नाव? जाईबाई. वय? पन्नास. अहो, जाईबाई त्यांच्याकडे धुणं धुते, माझ्यापेक्षा थोडीच मोठी असेल. मी म्हटलं, जाईबाई पन्नास वर्षांची? तर तोच रडवेला झाला. "ताई, कोणाले सांगू नका. मोठ्या बाई रातदिवस कण्हून राहिल्या, वकीलसाहेबांलेबी सांगत नाहीत. म्हणे, ते नाल्याचं औषध भेटते का पाय." ऐकलंत? तेच औषध! चोरून, मोलकरणीच्या नावानं! आणि जंतूसुद्धा तेच निघाले, मावशी. रमाचेच. मीच लावली ताटली. मीच बघितली भोकं. इतकी सुंदर भोकं आजवर पडली नव्हती.

डॉक्टरांनी औषध तयार केलं, म्हणाले, मोतीरामजवळ लगेच दे, बाईंना ताप आहे, मूत्रपिंडात उतरलं तर कठीण. मी हो म्हटलं. आणि बाहेर येऊन मोतीरामला सांगितलं —

तहान लागली का तुम्हाला? नाही, नाही, त्या थर्मासला हात लावू नका. चहा नाही त्यात. बर्फ आहे. बर्फात काय असणार? तुम्ही हुशार आहात, कळलं तुम्हाला. मोतीरामला मी म्हटलं, औषध तयार नाही, जा. आणि डॉक्टरांना म्हटलं, दिलं. आयुष्यात एवढं खोटं मी कधी बोलले नव्हते, पण जीभ अडखळली नाही बघा एकदाही. अशा सरकू नका ना दूर. रमालाही नाही सांगितलेलं. ती म्हणेल, दे गं देऊन, म्हातारी मरेल. तुम्हीही तेच म्हणणार. मरेल? मी कुठं मारतेय? मी तर घाबरट मुलगी, मी कुणाला काय करणार? रमा तडफडत होती तेव्हा कुणी म्हणालं का, पोरगी मरेल? — नका म्हणू. काही म्हणू नका. मला झोपेतसुद्धा ताप आठवतो त्यांचा, तुम्हाला वाटतं मला काही वाटत नाही? पण मी गोड बोलून बघितलं, बाबांनी पाया पडून बघितलं. पाया पडल्यानं काही मिळत नाही त्या दारात. म्हणून तर ही वेळ धरली, भाऊजी कोर्टात असतात. आणि साधा कॉल नाही केला, पी.पी. केलाय, नावानिशी, म्हणजे दुसऱ्या कुणाला जोडूनच देत नाहीत. ऑपरेटरनं विचारलं कुणाला बोलवायचं, मी म्हटलं, दुर्गाबाई. जाईबाई नाही. दुर्गाबाई. त्यांनाच यावं लागेल उठून, तापात, भिंत धरून. येऊ दे. मोतीरामच्या कडेवर बाळ, अमरावतीची एसटी, आणि भाऊजींसमोर एक वाक्य — हो, मीच उकळलं होतं. एवढंच मागणार आहे. जास्त आहे का? सांगा ना, जास्त आहे का?

— अकोला? अकोला म्हणाला ना तो? दुर्गाबाई? माझंच! हो, हो, माझंच आहे! — सोडा मावशी, पदर सोडा माझा. तुमचं नागपूर लागेल, तुम्ही बसा तिकडं. तो थर्मास इकडे द्या. नाही, मीच घेते. केबिनचं दार लावते मी आता, ऐकू नका तुम्ही —

हॅलो? हॅलो! … हो, मीच. औषध माझ्याकडे आहे, दुर्गाबाई. मुलगा तुमच्याकडे.