कोरी टिकली

२००६ साल. चेन्नईतल्या मैलापूरच्या बसथांब्यावर मागून मराठी कानावर आलं, म्हणून वळून पाहिलं. कॉलेजातली एक मुलगी आणि तिची आत्या.

“तुझ्या अडुळशाच्या अर्कात बुडवलेली कागदी टिकली जंतू वाढवलेल्या बशीत ठेवली, आत्या. भोवतीचे सगळे जंतू मेले.”

“मग तोंड पाडून का उभी आहेस, स्वरदा?”

“शेजारी नुसत्या स्पिरिटची टिकली होती. पानं त्यातच भिजवली होती ना. तिच्याभोवतीही तेवढेच मेले.”

“ती कुणी ठेवली?”

“मीच. तुलनेसाठी ठेवावीच लागते.”

“सर काय म्हणाले?”

“फोटोतून तेवढी बाजू कापून टाक म्हणाले. सोमवारी प्रबंध द्यायचाय.”

“मग काप की! तुझा लहानपणीचा खोकला याच पानांनी गेलाय.”

“नाही कापणार. या वेळी स्पिरिट पूर्ण उडवून पुन्हा करणार. पानं हवीत, आजच.”

“आणि सोमवार?”

“जाऊ दे. सहा महिने गेले तरी चालतील.”

“एवढं करून काहीच निघालं नाही तर?”

“तसंच लिहीन.”

“पानं दिली म्हणून माझं नाव घातलंयस ना त्यात?”

“हो. काढू का?”

“काढतेस कशाला? झाड सगळं ओरबाडून ने, पण नाव राहू दे.”