खालची कवळी अन् सनईचा सूर

आमी सोनारीचे, परंड्याकडले. घरात सनई बापापासनं. भैरवनाथाच्या सकाळच्या आरतीला म्या वाजवायचो अन् माझा धाकटा भाऊ म्हादू मागं बसून दुसऱ्या सनईवर नुसता सूर धरायचा, एकच सूर, लांबलचक. लोक म्हणायचे, अण्णांची सनई म्हंजी सनई. म्हादूला कुणी इचारत न्हवतं.

मग दात गेले. काय सांगू तुम्हाला, धा वर्सं बोळक्यानंच काढली, हिरड्या आवळून फुंकायचो, पर लईच वारा गळाया लागला तवा परंड्यात जाऊन कवळी बसवली. वरची बसली चिकटून. खालची काय ऱ्हाईना बगा, बोललं की हालायची, फुंकलं की उठायची, अन् कडंनं हिरडीला टोचायची. सनईच्या तोंडाची, फुंकायची पत्ती जाड वाजली की आमी ब्लेडनं खरवडतो, खरवडली की सुरात येती. म्या तशीच कवळीची कड खरवडली. आज थोडी, उद्या थोडी. जितकी खरवडावी तितकी जास्तच नाचायची. बायको म्हणायची, अवं, ती सनई न्हाय, दात हायत.

परंड्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बघून कपाळाला हात लावला. म्हणल्या, अण्णा, वरचीला अख्खी टाळू हाय धराया, खालचीला हाडाचा एक बारका वरंबा, त्यो तुमी धा वर्सं रिकामा ठिवून झिजवला, अन् जी कड कवळीला धरून ठेवती तीच कापली. त्यांनी नवी करून दिली. म्हणल्या, जीभ तिला टेकवून ठिवा, जीभ मागं गेली की ती उठणार. म्या म्हणलं, जीभ हालवल्याबिगर सनई कशी वाजवू? बाई म्हणल्या, तेवढं माझ्या हातात न्हाय.

लई रडलो, खोटं कशाला सांगू. चार दिस आरतीला गेलोच न्हाय. पाचव्या दिवशी म्हादू दारात आला, म्हणला, अण्णा, सूर धराया जीभ हालवावी लागत न्हाय.

आता त्यो वाजवतो अन् म्या मागं बसतो. जीभ टेकलेली, कवळी जागची हालत न्हाय. मागं बसल्यावर कळलं, पुढं वाजवणारा दम घ्याया थांबतो तवा बी सूरवाल्याला थांबता येत न्हाय. चाळीस वर्सं म्हादूनं त्ये केलं, अन् म्या एकदा बी वळून बघितलं न्हाय. आता आरती झाली की त्यो वळतो, इचारतो, अण्णा, दमला का? भैरवनाथानं त्याला माझ्यापरीस जास्ती आयुष्य द्यावं, दुसरं काय मागू.