टेकूचे पैसे

प्रोग्राम फुकट आहे, मग तो चालता ठेवणारा माणूसही फुकट कसा? हे मी कितीजणांना विचारून झालं.

माझा दादा जैनाबादच्या एका केळीवाल्या शेठचा कॉम्प्युटर सांभाळायचा. त्यातला पावत्यांचा प्रोग्राम कुणीही फुकट घ्यावा असाच होता. दादा म्हणायचा, "प्रोग्रामचे नको शेठ, सपोर्टचे द्या."

"सपोर्ट म्हणजे काय रे भाऊ?"

"घड भरला की झाडाला बांबूचा टेकू लावता ना, तसा."

शेठ खदखदून हसायचे. "पण तुझं झाड तर सरळ उभं आहे!"

उभं होतं, कारण दादा न बोलावता जाऊन बघून यायचा.

दादा तापाने गेला. दहाव्याच्या सकाळीच शेठचा फोन. "छोटू, दादाचं ऐकलं, फार वाईट झालं रे. बरं, इथे ट्रक भरून उभा आहे आणि पावती निघत नाही. आता कोण येणार?"

टाळकं सणकलं. तरी गेलो, तसाच मुंडन केलेला. शाळा मी अर्ध्यात सोडली, पण दादाच्या शेजारी बसून एवढं पाहिलेलं होतं. पावती निघाली.

शेठ म्हणाले, "बघ, एवढंच तर काम होतं!"

कॉम्प्युटरवर दादाच्या फोननंबरची चिठ्ठी चिकटवलेली होती. ती नखांनी खरवडून काढली आणि निघून आलो.