गिऱ्हाइकाची युक्रेनियन

सावित्रम्मा : हसू नको! विरुपाक्ष, दात पाडीन, हसू नको सांगते.

विरुपाक्ष : हसत न्हाय वहिनी. माझं तोंडच तसं हाय.

सावित्रम्मा : त्या तोंडानंच घात केला. सून पेटी घिऊन घराबाहेर पडली आणि दीर दुकानात बसून शेंगाचटणी चाटतोय!

विरुपाक्ष : पेटी घिऊन? ओलेस्या? कुटं गेली?

सावित्रम्मा : एसटी स्टँडला. अकलूजची गाडी धरायला.

विरुपाक्ष : मग गुरुराजकडंच की. नवऱ्याकडं गेली. मी म्हणलं सरळ युक्रेनला निघाली काय की.

सावित्रम्मा : नवऱ्याकडं जायला पेटी लागते? दर शनिवारी जायची तवा पिशवीत जायची. दोन ड्रेस आन् दंतमंजन. आज पेटी न्हेली. म्हणजे माघारी यायचं न्हाय.

विरुपाक्ष : भांडण झालं?

सावित्रम्मा : भांडण झालं असतं तर बरं झालं असतं! भांडायला भाषा लागती. तू शिकवलीस ती भाषा हाय होय रे? चार महिने झाले, रोज दुपारी फोन धरून बसायचास. ‘म्हणा वहिनी, डोळे मोठे करून म्हणा.’ काय शिकवलंस? कितीला, महाग हाय, कमी करा, नुसतं बघतीय, नको, बांधून द्या. संपली युक्रेनियन!

विरुपाक्ष : फोनवरच्या त्या बाईचा धडाच तेवढा हाय. ‘बाजारात गेल्यावर काय बोलावं.’ पुढचे धडे पैसे भरल्यावर उघडतात. तुमीच म्हणलात, भाषेला पैसे कोण देतंय.

सावित्रम्मा : मी म्हणलं ते बरोबर ध्यानात राहतंय! आणि समोरच्या दुकानातल्या बसलिंगप्पाला काय सांगितलंस, ते सांग.

विरुपाक्ष : काय सांगितलं?

सावित्रम्मा : आमची वहिनी भाषा शिकायलीय, चादरीचं दुकान तिकडं काढायलीय म्हणून! तो बिचारा दोन दिवस जेवला न्हाय. तिसऱ्या दिवशी येऊन मला विचारतोय, तिकडं टॉवेल चालतील का म्हणून.

विरुपाक्ष : मग? काय सांगितलात?

सावित्रम्मा : थांब, ती मीटरपट्टी कुटंय बघू दे.

विरुपाक्ष : बसा, बसा. खाली बसा. झालं काय सकाळी, ते सांगा आधी.

सावित्रम्मा : चहा घेत बसलो होतो वर. ती म्हणली, ‘आई, मी अकलूज. रोज.’ रोज म्हणजे कायमचं. गुरुराजला दवाखान्याचं क्वार्टर मिळालं म्हणं. मला कुणी विचारलं न्हाय, सांगितलं न्हाय. पोरगा तितनं फोनवर बोलला न्हाय, हिला पुढं केलं. माझं टाळकं सणकलं.

विरुपाक्ष : आणि?

सावित्रम्मा : आणि काय? तोंडात होतं तेच बाहेर आलं. दोरोहो.

विरुपाक्ष : अरारारा. सुनंला म्हणलात, महाग हाय?

सावित्रम्मा : पुढं ऐक. ने त्रेबा.

विरुपाक्ष : आणि नको!

सावित्रम्मा : आणि उठले.

विरुपाक्ष : उठलात?

सावित्रम्मा : पिशवी काखेत मारली आणि जिन्याकडं निघाले. सावकाश. मागं न बघता.

विरुपाक्ष : वहिनी! गिऱ्हाईक उठतं तसं?

सावित्रम्मा : तसंच! दुसरं येतंय काय मला? उभी हयात ह्या गादीवर गेली. किती बायका ‘नको हो, लई महाग’ म्हणून उठल्या. आपण जाऊ देतो का? पायरीपर्यंत जाऊ देतो. तिचा पाय रस्त्यावर पडायच्या आत हाक मारतो. ‘या हो ताई, बसा तर, तुमी काय देणार ते तर बोला.’ माघारी येती, बसती, थोडं तिचं थोडं आपलं होतं, आणि माल बांधला जातो. मी म्हणलं, ही पण हाक मारंल. मग बसू, बोलू. खालच्या पायरीवर येऊन बसले मी.

विरुपाक्ष : हाक आली?

सावित्रम्मा : कपाटाचा आवाज आला. मग पेटीचा. मग ती माझ्या अंगावरनं पेटी उचलून खाली उतरली, आणि म्हणली, द्याकुयु.

विरुपाक्ष : आभार मानले?

सावित्रम्मा : आभार मानून गेली की रे! शिवी दिली असती तर मी तिचा पदर धरला असता. आभार मानल्यावर काय धरणार?

विरुपाक्ष : तिनं पंजाबी ड्रेस घातला होता का?

सावित्रम्मा : विरुपाक्ष!

विरुपाक्ष : न्हाय, पदराचं म्हणलात म्हणून. बरं बरं. वहिनी, एक सांगू? मारायचं न्हाय.

सावित्रम्मा : मारायचं का न्हाय ते ऐकून ठरवते.

विरुपाक्ष : तिच्या गावात दुकानातला भाव ठरलेला असतो. चिठ्ठीवर लिवलंय तेवढा. घासाघीस न्हाय. गिऱ्हाईक नको म्हणून उठलं की उठलं. मागनं हाक मारायची पद्धत न्हाय तितं. उलट कुणी हाक मारली तर लोक घाबरतील, चोरी केली काय म्हणून.

सावित्रम्मा : हे तुला कधी कळलं?

विरुपाक्ष : गुरुराजनं सांगितलं होतं. लग्नातच.

सावित्रम्मा : मला का न्हाय सांगितलंस?

विरुपाक्ष : गंमत गेली असती की. तुमी दुपारी घासाघीस करायला शिकायचात, ‘देशेव्शे, देशेव्शे’, कमी करा, कमी करा, मला लई मजा यायची. जितं घासाघीसच न्हाय तितली घासाघीस पाठ करायलात, मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, दोघं पोट धरून हसायचो.

सावित्रम्मा : हास. आता हास की. लढाईतनं एकटी आली ती पोरगी. तिची आई अजून तिकडंच हाय. हितं तिला माझ्याबिगर कोण हाय दिवसभर? आणि मी तिला ‘नको’ म्हणून पायरीवर रुसून बसले. तुझ्या मजेपायी!

विरुपाक्ष : चुकलं.

सावित्रम्मा : मोठ्यानं म्हण.

विरुपाक्ष : चुकलं वहिनी! पण दुकानाचं टेन्शन घेऊ नका. मी बसतो की गादीवर.

सावित्रम्मा : दुकान गेलं खड्ड्यात! दुकानासाठी रडते होय मी? दुपारी शटर अर्धं ओढून वर गेलं की आम्ही दोघी जेवतो. तिला माझं येत न्हाय, मला तिचं येत न्हाय. नुसता भाकरीचा आवाज. पण ताटं दोन लागतात विरुपाक्ष. हे गेल्यापासनं मी एका ताटात जेवत होते.

विरुपाक्ष : फोन लावा तिला. अकलूजची गाडी काय लगीच सुटत न्हाय.

सावित्रम्मा : लावून काय बोलू? माझ्याकडं हाय ते सगळं गिऱ्हाइकाचं. नको, महाग, बघतीय. जन्म गादीवर काढला मी, आणि दुकानदाराचा एक शब्द शिकवला न्हाईस! ‘या, बसा’ कसं म्हणायचं?

विरुपाक्ष : पुढच्या धड्यात असंल.

सावित्रम्मा : मग भर पैसे!

विरुपाक्ष : आता?

सावित्रम्मा : आत्ता! तुझ्या फोनवरनं, तुझ्या खिशातनं!

विरुपाक्ष : भरतो, भरतो. थांबा... उघडला. हां. अय्यो.

सावित्रम्मा : काय झालं?

विरुपाक्ष : दुसरा धडा हॉटेलातला हाय. ‘खिडकीवाली खोली मिळंल का?’

सावित्रम्मा : सुम्मनिरु! गप बस! दे तो फोन. लाव तिला. आणि मोठा कर आवाज, मला तिचं फोनवर कळत न्हाय.

(फोन लागतो. पलीकडं स्टँडवरचा भोंगा.)

ओलेस्या : बोला ताई.

विरुपाक्ष : ताई म्हणतीय. तुमालाच गिऱ्हाईक केलं बघा.

सावित्रम्मा : ओलेस्या. स्किल्की कोश्तुये?

ओलेस्या : काय? आई, मी रागात. लई रागात. गाडी लागली.

सावित्रम्मा : राग मला पण हाय! तुझ्या दुप्पट हाय! स्किल्की? किती? तुझा भाव बोल!

ओलेस्या : भाव न्हाय! आई म्हणली ने त्रेबा. मी ऐकलं. नको म्हणजे नको. मी बांधलं, मी गेली.

सावित्रम्मा : नको म्हणजे नको नसतंय गं पोरी! विरुपाक्ष, सांग की हिला, बसलास काय दगडासारखा!

विरुपाक्ष : ओलेस्या, मी विरुकाका. तू गादीवर बसती की न्हाय? बाई नको म्हणून उठली, तर तू काय करती?

ओलेस्या : हाक मारते. ‘या ताई, बसा तर, तुमी काय देणार?’ काका शिकवलं.

विरुपाक्ष : मग सकाळी आई उठल्या, तवा?

ओलेस्या : आई गिऱ्हाईक न्हाय. आई मालक. मालक ‘नको’ म्हणली तर दुकान बंद.

सावित्रम्मा : मी खाली पायरीवर बसले होते! तुझ्या हाकेची वाट बघत!

ओलेस्या : मी बघितलं. मला वाटलं, गुडघा दुखतो.

विरुपाक्ष : हॅ हॅ हॅ.

सावित्रम्मा : मीटरपट्टी तितंच हाय हं, विरुपाक्ष. ओलेस्या, आता मार. हाक.

ओलेस्या : हितं? स्टँडवर? लोक बघायलेत.

सावित्रम्मा : बघू दे. बघायला पैसे लागत न्हाईत.

ओलेस्या : ...या ताई. बसा तर. तुमी काय देणार?

सावित्रम्मा : रागानं न्हाय म्हणायचं.

ओलेस्या : राग हाय, तर रागानं! तुमी काय देणार?

सावित्रम्मा : सहा दिवस हितं. एक दिवस अकलूज.

ओलेस्या : परवडत न्हाय ताई! मी गुरुराजशी लगीन केलं. दुकानाशी न्हाय. आणि तुमाला मी आवडत न्हाय, तर सहा दिवस कशाला पाहिजे?

सावित्रम्मा : कोण म्हणलं आवडत न्हाईस?

ओलेस्या : चार महिने. आई रोज माझ्याकडं बघते आणि म्हणते, ‘या प्रोस्तो दिव्लुस्या’. नुसतं बघतीय. नुसतं बघतीय! घेत न्हाय, जात न्हाय.

सावित्रम्मा : अगं, ‘जेवलीस का’ म्हणायचं होतं मला. ते धड्यात नव्हतं!

विरुपाक्ष : माझ्याकडं बघू नका दोघी.

ओलेस्या : काका फोनवर हाय. मी कुटं बघते?

सावित्रम्मा : तुझा भाव सांग. पटपट. खरा सांग.

ओलेस्या : सगळं अकलूज. आई शनिवारी पिशवी घेऊन तितं.

सावित्रम्मा : दोरोहो!

विरुपाक्ष : वहिनी, खाली बसा. उठू नका. परत उठू नका.

सावित्रम्मा : उठत न्हाय. देशेव्शे. थोडं कमी कर गं. थोडं माझं, थोडं तुझं.

ओलेस्या : लास्ट भाव, आई. ह्याच्या खाली न्हाय. गुरुवार, शुक्रवार, शनिवार गादीवर. बाकी अकलूज.

सावित्रम्मा : आणि?

ओलेस्या : आणि काय?

सावित्रम्मा : वर काय देणार? आपण वर काहीतरी देतो की. एक रुमाल तरी देतो.

ओलेस्या : वर... रविवारी तुमी अकलूजला. मी जेवण करते. तुमी बसायचं, उठायचं न्हाय. क्वार्टरमध्ये ताटं तीन हायेत.

विरुपाक्ष : वहिनी? पटलं का?

सावित्रम्मा : ते शेवटलं वाक्य काय रे? बांधून द्या.

विरुपाक्ष : तेवढं तुमी पाठच केलं न्हाय. ‘आपण काय दुसऱ्याच्या दुकानात बांधून घेतो होय’ म्हणायचात.

सावित्रम्मा : सांग लवकर!

विरुपाक्ष : झाहोर्नीत.

ओलेस्या : आई? गाडी सुटायली. घेणार का न्हाय?

सावित्रम्मा : लई महाग हाय गं. झाहोर्नीत.